माझ्या वाटणीचं वांगं

भाद्रपद, सन १९२६. जऊळका स्टेशन, अकोल्याकडे जाणारी सकाळची गाडी. हजर : बाबा, माय, थोरला भाऊ किसन, शाळेचे मास्तर, कारण पेटीवरचा इंग्रजी पत्ता वाचणारं घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि जाणारा मी. सामान : एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, दशम्यांचं गाठोडं.

आमचा मळा गावाला लागूनच. वांगी, मिरच्या, भेदरं पिकवायची आणि बाजाराला न्यायची, हा घरचा धंदा. भेदरं म्हणजे शहरातले टमाटे. मी नागपूरला शेतकी शिकत होतो. तिथून एका विद्यार्थ्याला सरकारी खर्चानं एका टर्मसाठी विलायतेत पाठवायचं ठरलं आणि नाव माझं निघालं. तिथला शेरा चांगला आला तर परतल्यावर अकोल्याच्या सरकारी बागेत नोकरी मिळणार होती. अकोल्याला असलो म्हणजे वाटेल तेव्हा घरी येता येणार. मायनं मला जाऊ दिलं ते एवढ्या एका गोष्टीसाठी.

गाडी दिसली तशी ती म्हणाली, "चंपासष्टीपरेंत वांगं तोंडात घालू नोको. आन भेदरंबी वांग्यातलंच हाय, ध्यानात ठेवजो."

किसन हसला. "माय, खंडोबा काय बोटीत बसून येते काय याच्या मांगं?"

"तुले काय करा लागते? तो समदीकडं पायते."

मास्तर म्हणाले, "सायबाच्या देशात वांगं कोण देते याले, बाई!"

आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत आमच्या घरी वांगं कोणी खात नसे. मळा वांग्यांनी लगडलेला असे. आम्ही ती तोडायचो, विकायचो, पण चाखायची नाहीत. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग खायची. आमच्या भागातली बरीच घरं हे पाळतात. भेदराला वांग्याच्या जातीत घातलं ते मात्र आमच्या आजीनं, आणि घरात ते तसंच चालत आलं.

विलायतेत पोचलो तेव्हा तिथला उन्हाळा सरला होता. पहिल्या आठवड्यात शिकलेल्या गोष्टी : मोजे रोज बदलणे, दाराशी आधी दुसऱ्याला जाऊ देणे, हवेबद्दल बोलणे. मला काय कळत नव्हतं त्याची यादी केली असती तर वही पुरली नसती. सूर्य नक्की कुठून निघतो हे मला पुष्कळ दिवस सांगता येत नव्हतं. ज्याला सकाळी विहिरीवर उभं राहून दिशा कळायच्या, त्याची ही गत. खोलीत एकटा असलो की मी स्वतःशीच मोठ्यानं वऱ्हाडी बोलायचो, आणि पुढं पुढं तेही मला कोणा दुसऱ्याचं बोलणं ऐकल्यासारखं वाटायला लागलं.

दुसऱ्या आठवड्यात प्रोफेसर साहेबांनी कामं वाटली. एकाला माती, एकाला कीड. मी भाजीवाल्यांच्या घरचा म्हणून मुद्दाम आवडीचं काम मला दिलं. काचेच्या घरात टमाट्याच्या निरनिराळ्या जाती लावलेल्या होत्या. रोज प्रत्येकीचं एक फळ चाखायचं आणि गोडी, आंबटपणा, साल यांना गुण द्यायचे. शेरा या तक्त्यावरच मिळणार होता.

मी फळं तोडली, वजनं केली, सालींची जाडी मोजली. चवीचा रकाना रिकामा ठेवला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांदेखत कारण विचारलं आणि मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. वर्ग हसला. शेजारचा मुलगा म्हणाला, "चाख आणि थुंकून टाक. तुझ्या देवाला इतक्या लांबून काय दिसतंय?" साहेब हसले नाहीत. म्हणाले, "तुझ्या आईचं बरोबर आहे. दोन्ही झाडं एकाच कुळातली. पण चव घेतल्याशिवाय मी तुला गुण कसे देऊ?"

मी घरी पत्र टाकलं : काय करू? बोटीनं पत्र जायचं, मास्तरांनी वाचून दाखवायचं, त्यांनीच उत्तर लिहायचं, बोटीनं परत यायचं. तोवर काचेच्या घरातली झाडं उपटून झाली. मी चाखलं नाही. ती भक्ती होती, हट्ट होता, की त्या मुलुखात आपलं म्हणावं असं तेवढंच जवळ होतं म्हणून धरून बसलो, हे तेव्हा कळलं नाही. आताही सांगता येत नाही.

उत्तर आलं ते झाडं गेल्यावर. मास्तरांचं अक्षर, पण बोलणं मायचंच : "तू खाय. शिक्षन अडू देऊ नोको. तुह्या वाटनीचं म्या सोडलं. देवापुढं बोलली, आता जलमभर वांगं खानार नाही."

माझ्या कागदावर शेरा पडला, 'हजर होता'. तेवढ्यावर अकोल्याची जागा मिळाली नाही. मिळाली ती जबलपूरच्या बियाण्यांच्या गोदामात. परत आलो त्या आठवड्यात माय बाजारात टोपलीमागे बसून बायांना सांगत होती, "माह्या पोराची परीक्षा म्या पास करून देली!" मी पलीकडे तराजू धरून होतो. एक बाई म्हणाली, "बाई, मंग आता भरीत कोन खाईन?" माय म्हणाली, "तो खाईन. दोघाचं." आणि इतकी हसली की मी काय बोलायला तोंड उघडलं होतं तेच विसरलो.

आता सन अठ्ठेचाळीस. बाबा गेले. जबलपूरला माझं बिऱ्हाड आहे. इथं वांग्याला भटा म्हणतात आणि माझी मुलंही तेच म्हणतात. त्यांच्या लेखी इथलं ते घर आणि जऊळक्याचं ते गाव. मी काय म्हणावं हे अजून ठरलं नाही. गावी गेलो की चौथ्या दिवशी गोदामाची काळजी लागते. इथं असलो की बाजारात वांगी हातात घेऊन उगाच उभा राहतो. आमच्याकडची जी मुलं आज आणखी लांब निघाली आहेत, त्यांना काय बांधून न्यायचं ते मी सांगू शकतो. मागे राहिलेल्यांनी आपल्यासाठी काय सोडलं, ते मात्र निघताना कोणालाच कळत नाही. माझं घर म्हणजे जिथं माझ्या वाटणीचं कोणी तरी अजून सोडून बसलं आहे ती जागा, इतपतच मला म्हणता येतं.

गेल्या महिन्यात किसनचं पत्र आलं. मायचे दात गेले, भाकर चावत नाही. मऊ भरीत चाललं असतं, पण ताटाजवळ येऊ देत नाही. मी खाल्लंच नव्हतं हे कळलं तर ती घास घेईल, की इतक्या वर्षांचं सोडणं फुकट गेलं म्हणून असलेलं जेवणही टाकेल? दोन्ही बाजू मांडून पाहिल्या, उत्तर निघत नाही. चंपाषष्ठी जवळ आली आहे. रजा मंजूर झाली, तिकीट काढलं, किसनला कळवलं. मायला ते सांगायचं राहिलं आहे.