पांढऱ्यावर पांढरी धूळ

फुलाचा पासपोर्ट फोटो काढायची वेळ माझ्यावर एका सरकारी ऑफिसने आणली.

माझी आत्या सिन्नरच्या पुढे एका गावात राहते. तिची डाळिंबाची बाग आहे. बाग फार मोठी नाही, पण तिने एकटीने वाढवलेली आहे. बागेच्या बांधाला लागून ओढा आणि ओढ्यापलीकडे खडीक्रशर. तिथे दिवसभर दगड फुटतात आणि दिवसभर पांढरट धूळ उडते. ती दोरीवरच्या कपड्यांवर बसते, पाण्याच्या हंड्यावर बसते आणि माघ-फाल्गुनात आंबे बहार धरला की डाळिंबाच्या लाल फुलांवर बसते. धुळीने भरलेल्या फुलावर मधमाशी टिकत नाही, फूल गळून पडतं. आत्याची तक्रार एवढीच. क्रशरच्या परवान्याची मुदत संपत आली होती आणि ती वाढवायची की नाही यावर नाशिकला सुनावणी होणार होती.

“वाढवून दिली तर मी बाग उपटून टाकणार हे,” आत्या म्हणाली. धमकी नव्हती ती. घरातलं मीठ संपलंय, हे ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात बोलली.

मी तोवर आंदोलनांची बरीच पत्रकं लिहिली होती आणि नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर उभी राहून वाटलीही होती. मथळा ठळक, वाक्य लहान, फोटो एकच आणि तोही बघणाऱ्याला टोचला पाहिजे, हे माझं सगळं शिक्षण. त्या हिशेबाने मी बागेत गेले, फोनवर धुळीने माखलेली फुलं टिपली आणि सुनावणी घेणाऱ्या ऑफिसात नेऊन दिली. साहेबांनी फोटो नीट बघितले, हे मान्य करायला हवं.

“मागे ट्रॅक्टर दिसतोय, मॅडम. ही धूळ ट्रॅक्टरची कशावरून नाही?”

“मागे क्रशरही दिसतोय, साहेब.”

“तेच म्हणतोय मी. मागे काहीच दिसायला नको. फक्त फूल, जवळून. पांढरी पार्श्वभूमी ठेवा, पासपोर्ट फोटोला असते ना, तशी. आणि एडिटिंग केलेलं चालणार नाही.”

“मागे काहीच दिसलं नाही तर धूळ क्रशरची आहे हे कसं कळणार?”

“ते सुनावणीत बघू.”

माणसाचं घरदार, गल्ली, गाव पुसून टाकायचं आणि मग त्याला विचारायचं, तू कुठला? हा यांचा कारभार. मी तावातावाने बाहेर आले आणि गेटवरच्या चहावाल्याला सगळं ऐकवलं. त्याने साखर जास्त घातली.

माझा एक मित्र कॉलेज रोडला राहतो, लग्नांचे फोटो काढतो. अंगठीतला खडा, नवरीच्या मेंदीतलं नाव असलं जवळून टिपायची लेन्स त्याच्याकडे होती. फुलं नाशिकला आणली तर वाटेतच धूळ झडेल, म्हणून आम्हीच सामान घेऊन एसटीने गेलो. आत्याच्या पडवीत त्याने स्टूल मांडलं, मागे पांढरी अॅक्रिलिक शीट उभी केली, दोन बाजूंना दोन दिवे आणि त्यांच्यापुढे ट्रेसिंग पेपर लावला. थेट दिवा मारला की पाकळी प्लास्टिकची दिसते म्हणे. तिसरा दिवा नुसत्या शीटवर. मी बागेतून श्वास रोखून एक फांदी कापून आणली आणि चिमट्यात अडकवली.

तेवढ्यात आत्या ओलं फडकं घेऊन आली.

“हात लावू नको!” मी ओरडले.

“अगं, आधी पुसून तरी घे. असं पारोसं फूल साहेबाला दाखवायचं का?”

“आत्या, पारोसंच दाखवायचंय. त्याच्यासाठीच आलोय ना आपण!”

“बघ बाई. आमच्यात देवालासुद्धा धुतल्याशिवाय फूल घालत नाय.” ती फडकं घेऊन दारात उभी राहिली. तिला वाईट वाटलं होतं. पाहुणा आला की ती ओटा पुसते, खुर्ची पुसते, पुसलेला पेला पुन्हा पुसते. मळकं काहीतरी मुद्दाम मांडून ठेवायचं, हे तिच्या हातांना पटत नव्हतं.

पहिला फोटो स्क्रीनवर आला तेव्हा मित्राने तो मोठा करून बघितला. फूल अप्रतिम होतं. देठाकडचा मेणचट जाड भाग, चुरगळलेल्या रेशमासारख्या पाकळ्या, आतले पिवळे केसर. आणि धूळ? कुठेच नव्हती.

“धूळ पांढरी, मागचं पांढरं,” तो म्हणाला. “मागचं शुभ्र यायला एवढा उजेड टाकावा लागतो की तो सगळीकडून फुलावर सांडतो. धूळ त्यातच विरघळली बघ. क्रांतिकारी ताई, सरकारने तुम्हाला बरोबर गंडवलंय.”

“दुसरं काहीतरी कर.”

त्याने शीट काढली, मागे आत्याची काळी घोंगडी टांगली आणि एकच दिवा तिरका लावला. तर काय, कणन् कण दिसायला लागला. पाकळीच्या प्रत्येक सुरकुतीत पीठ बसल्यासारखी धूळ. केसरांवर तर खरपुडी धरली होती. आत्यानेही वाकून बघितलं आणि “आई गं” एवढंच म्हणाली. रोज बघत होती, पण इतक्या जवळून तिनेही कधी बघितलं नव्हतं.

तो फोटो ऑफिसला चालणार नव्हता. मी फोन करून विचारलं, विनवलं, भांडले. पांढरी म्हणजे पांढरीच.

मग कॉलेज रोडला येऊन आम्ही दोघं कॉम्प्युटरपुढे बसलो. पांढऱ्यावरचा फोटो थोडा काळसर केला की धूळ जराशी उगवायची, पण मागचं पांढरं राखाडी व्हायचं. मागचं पुन्हा पांढरं केलं की फुलाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखी रेघ यायची. कुणीही म्हणालं असतं, हे खोटं आहे. जे डोळ्यांना दिसत होतं तेच दाखवण्यासाठी मला खोटेपणा करावा लागत होता, आणि तोही जमत नव्हता. मी मित्रावरच चिडले. तो म्हणाला, “माझ्यावर का ओरडतेस? मी रोज नवरीचे डाग काढतो. डाग परत आणायला मला कोणी सांगितलंच नव्हतं.”

शेवटी राखाडीकडे झुकणारा एक आणि शुभ्र एक, असे दोन्ही प्रिंट घेऊन मी सुनावणीला गेले.

“हे मागचं काळपट का?” साहेबांनी पहिला प्रिंट उचलला. “एडिटिंग केलंय तुम्ही.”

“उजेड कमी केलाय फक्त. हा दुसरा बघा, तो जसाच्या तसा आहे.”

त्यांनी दुसरा बघितला, बराच वेळ बघितला. “पण यात धूळ कुठंय?”

क्रशरचा वकील हसलासुद्धा नाही. त्याला गरजच नव्हती. मी धूळ, उजेड, पांढऱ्यावर पांढरं, सगळं सांगू लागले. माझाच आवाज मला पत्रकासारखा ऐकू यायला लागला. ठळक मथळा, लहान वाक्यं, आणि समोरचा माणूस घडी घालून खिशात टाकणार.

तेव्हा आत्या उठली. “साहेब, फोटू राहू द्या. मी फांदीच आणली हे.” तिने पिशवीतून ओल्या कापडात गुंडाळलेली फांदी काढली. माझ्या जिवात जीव आला. वाटेत थोडी धूळ झडली तरी थोडी उरलीच असेल, हे मला कसं सुचलं नाही!

आत्याने कापड सोडलं. लालभडक, टवटवीत फुलं. पानं चकचकीत. पाकळीवर पाण्याचा एक थेंब.

“धुतलीस?” मी हळूच विचारलं.

“मग? हाफिसात यायचं म्हटल्यावर,” आत्या म्हणाली आणि म्हणतानाच तिच्या लक्षात आलं. तिने फांदीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. फांदी पुढे केलेला हात तसाच राहिला, मागे घ्यायचा की कसं, ते तिला कळेना.

“छान आलीत की फुलं, आजी,” साहेब म्हणाले. मनापासून म्हणाले, त्याचाच जास्त संताप आला. शिपायाने फांदी घेतली आणि साहेबांच्या टेबलावर पाण्याच्या पेल्यात ठेवली.

मुदत वाढली. मी एक पत्रक लिहिलं, चांगलं जमलं होतं. सीबीएसवर वाटलं. लोकांनी घेतलं.

पुढच्या आंबे बहाराला आत्याचा फोन आला. ओढ्याकडची झाडं काढायला जेसीबी सांगितलाय, त्याच्या आधी फोटो काढून जा, असं म्हणाली. या वेळी मी एकटीच गेले, दिवा नाही, शीट नाही. क्रशर चालूच होता. बांधावरच्या झाडाला थोडी फुलं होती, पांढरट. मी फोन वर धरला.

“थांब,” आत्या म्हणाली. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि एकेक पाकळी सावकाश पुसायला लागली. या वेळी मी तिला अडवलं नाही. तिचं होईपर्यंत फोन धरून उभी राहिले.

“हं. काढ आता.”