उदगीरची टाकी अन् चंद्रीची गवाण

उदगीरला मला धाडलं ते आमच्या बचतगटातल्या बायांनी. "आत्याबाई, तुम्हीच जा. तुम्हाला तोंडावर न्हाई म्हणता येतं," म्हणाल्या. कौतुक होतं का टोमणा, अजून कळलं न्हाई. मला अक्षरं येत न्हाईत. मी बोलते, नात मेघा लिहून राहिली. मधीच सुधारायला लागली की डोळे वटारते.

उदगीरच्या बाहेर डेन्मार्कच्या अन् आपल्या लोकांनी मिळून एक टाकी बांधलीय. शेण अन् शेतातला भुसा तिच्यात कुजवून गॅस करतात. मळणी झाल्यावर सोयाबीनचा भुसा उरतो ना, आमची गुळी, ती त्यांना आख्ख्या गावाची पाहिजे. गोळा करायचं, वाळवायचं, गाडीत भरायचं काम गटाला, बारा महिने. पण हीच गुळी आमची म्हैस चंद्री पार उन्हाळ्यापर्यंत खाती. हो म्हणावं तर जनावरं उपाशी, न्हाई म्हणावं तर बायांचं काम गेलं. घास गोड लागेना.

तुम्ही जाणार असाल तर आमच्या लोह्याहून सकाळची अहमदपूरची एसटी धरा, तिथून उदगीरची. माझं वय बघून कंडक्टर पैसे घेत न्हाई, संगं आलेल्या मेघाला अर्धं तिकीट. रस्ता चांगला होता. माझंच मन खड्ड्यातून चाललेलं. रानात गुळीचा ढीग दिसला की वाटायचं, हा कुणाच्या पोटात जाणार?

"आजी, निवांत बस की."

"बसलेच हाय. गाडीच हलून राहिली."

अहमदपूरच्या स्टँडवर भजी खा, पण गरम असली तरच. उदगीरला रिक्षाचं भाडं आधी ठरवा.

येळवस, म्हंजे रान पुजायची मार्गशीर्षातली अवस, दोन दिवसांवर होती, म्हणून बिंदग्यात, छोट्या घागरीत, आंबील नेली होती. ताक अन् ज्वारीची ही आंबील येळवसेला आम्ही आधी रानात शिंपडतो, मग आपण पितो.

टाकीपाशी डेन्मार्कची ॲनाबाई भेटली, ताडासारखी उंच. संगं लातूरचा इंजिनिअर शिवराज, तिचं बोलणं आम्हाला सांगायला. टाकीत सोडायला हौदात शेण-भुसा कालवून ठेवलेला. म्हणलं, टाकीलाबी घोट द्यावा. अर्धं बिंदगं ओतलं.

"आजी! ओतू नका! आंबट हाय ते!" शिवराज धावला.

"आंबटच असती बाबा. आंबील हाय."

ॲनाबाईनं वाकून बघितलं. एवढ्यानं काही होत न्हाई म्हणाली, पण जास्त आंबट गेलं की टाकी बिघडती, गॅस बंद पडतो.

"म्हंजे पोटच की हे! आमची चंद्रीबी ज्वारी जास्त झाली की फुगून बसती."

बाई हसली. मग तिनंच विचारलं, "गुळी आम्ही नेली तर चंद्री काय खाणार?"

लोह्यापासून हाच सवाल मी धार लावत आणला होता, अन् हिनं आधीच विचारला! लई राग आला.

"तेच तर!" म्हणलं.

"ती सगळी गुळी खाते?"

आता मलाच विचार करावा लागला. "न्हाई. बारीक भुसा खाती, जाड काड्या गवाणीत टाकती. नखरेल हाय."

उरलेली आंबील त्यांना पाजली अन् म्हणलं, "ही जशी आधी रानाला, मग आपल्याला, तसं आधी जनावर. त्याचं उष्टं तुमच्या टाकीला."

दोघं इंग्रजीत बोलत बसले. मी उठले, बसले, परत उठले. शेवटी शिवराज म्हणाला, "उष्ट्यातून गॅस पुरेसा निघतो का, तपासावं लागंल. घरटी एक पोतं पाठवा. जमलं तर काम तुमच्याच गटाला."

घरी आले तर बाया दारातच. "आत्याबाई, हो का न्हाई?"

"पोतं," मी म्हणलं.

बायांची पोती गवाणीतल्या काड्यांनी भरली, गाडीत गेलीबी. गावात एक माझंच रिकामं राहिलं. जन्मभर काड्या टाकणारी चंद्री मी पोतं घेऊन उभी राहिले की गवाण चाटूनपुसून साफ करती, अन् माझ्याकडं बघत रवंथ करत बसती.

उदगीरहून निरोप अजून न्हाई. मेघाचा फोन वाजला की मी उठून बसते. गट तयार हाय, टाकी तयार हाय. निरोप हो आला तर समजूत घालायची राहिली ती फक्त माझ्याच दावणीच्या चंद्रीची.