खळीचं पीठ

आमच्या घरात पीठ दोन कामांना लागायचं, भाकरीला आणि सुताला. बाबा विणकर होते. इतवारी बाजारातला व्यापारी सूत द्यायचा, बाबा त्याची लुगडी विणायचे. सुताला पिठाची खळ दिली नाही तर मागावर धागा टिकत नाही, पटापट तुटतो.

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची, तीही कधीतरी. आई पहाटे रांगेत लागायची आणि दुपारी रिकामी पिशवी घडी करून परत यायची. व्यापारी मात्र सुतासोबत खळीसाठी गव्हाचं पीठ द्यायचा. ते वेगळ्या डब्यात असायचं. त्याला हात लावायचा नाही, हे मला दहाव्या वर्षीही ठाऊक होतं.

धाकटी बहीण तीन वर्षांची होती. भुकेनं ती रडायचीसुद्धा थांबली, तेव्हा आईनं तो डबा उघडला. बाबा बाहेर गेले की खळ शिजवताना त्यातली थोडी बाजूला काढून, मीठ घालून, ती आम्हा दोघींना पाजायची. उरलेल्यात पाणी वाढवायची.

धागे तुटू लागले. बाबा दिवसभर गाठी मारत बसायचे. एकदा त्यांनी सूत चिमटीत धरून पाहिलं.

"काहून वं, खळ एवढी पातळ?"

आईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "लेकराइले पाजली."

मला वाटलं, आता हात उगारतील. बाबांनी सूत खाली ठेवलं.

"मंग तू काय खाऊन राहिली?"

आई खळीचं भांडं उचलून घासायला घेऊन गेली.

व्यापाऱ्यानं लुगडं उजेडात धरलं, गाठी पाहिल्या आणि पुढचं सूत दिलं नाही. पीठही बंद झालं. बाबा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. तिथे मजुरांना सुकडी, म्हणजे पिठाचं कोरडं खाणं, मिळायची. ती ते दुपट्ट्यात बांधून घरी आणायचे. पण बहिणीच्या पोटात काही ठरेना. हगवण लागली आणि चौथ्या दिवशी ती गेली.

पाऊसपाणी झाल्यावर बाबा पुन्हा सूत मागायला गेले. मिळालंही. पण खडीनं बोटं इतकी राठ झाली होती की बारीक धागा हाताला कळेचना. ते परत खडीवर गेले. पुढच्या उन्हाळ्यात शाळा सोडून मीही त्यांच्यासोबत घमेलं उचलायला जाऊ लागले.