कपावर संदीप लिहा

सॅन्डी नावाचा कुणी मेलेला नाही.
कारण सॅन्डी नावाचा कुणी नव्हताच.

मेला तो संदीप. माझा भाऊ. आज दोन वर्षं झाली.

स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज म्हणून गाव आहे. समुद्रकाठी, जुनं, युनिव्हर्सिटीचं. तिथली पोरं रविवारी लाल झगे घालून धक्क्यावर फिरतात. तिथल्या एका कॅफेत संद्या कुक होता. सकाळी सायकलवरून कामावर निघाला, बर्फावर चाक घसरलं.
संपलं.

मी अमेरिकेत. इथून निघालो असतो तर परत आत घेतलं नसतं.
बार्शीत त्याला खांद्यावर नेलं ते मी मोबाईलवर बघितलं.

असो. आज रडायला बसलेलो नाही.

कॅफेचा मालक आपलाच. मराठी. आम्ही काका म्हणायचो.
पहिल्याच दिवशी काका त्याला म्हणाले, "संदीप-बिंदीप इथे कुणाला जमत नाही रे. सॅन्डी लाव. इथलंच नाव वाटतं."
छातीवर बिल्ला पण तसाच.

संद्या फोनवर हसायचा. "बाळ्या, गोरा झालो बघ मी. फक्त रंग यायचा राहिलाय."
माझ्यापेक्षा दीड वर्षाने मोठा, पण मी पण त्याला दादा न म्हणता संद्याच म्हणायचो.
पण ते मी. घरचा.

तिकडे बटाट्याची पोळी असते, टॅटी स्कोन म्हणतात. संद्याने त्यात अंडं आणि आईची लसणाची चटणी घालून रोल केला. कॉलेजची पोरं लाईन लावायला लागली.
बोर्डवर आलं, 'सॅन्डीज रोल'.

आता या उन्हाळ्यातलं ऐका.

मी हल्ली अ‍ॅशबर्नला एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये आहे. त्याआधी बॉथेल, त्याआधी सांता क्लारा. माझा पाय कुठे टिकत नाही. गिऱ्हाईक सगळं पुण्या-नागपूरचं आयटीवालं. त्यातल्या एका काकूंची मुलगी इरा, तिला त्याच गावात अ‍ॅडमिशन मिळाली. नाचतच काउंटरवर आली.

"दादा, लुक! सेंट अँड्र्यूजचे बेस्ट कॅफेज! हे तुझ्या ब्रदरचं टाऊन ना?"

पहिल्या नंबरला काकांचा कॅफे. फोटोत काका, हातात रोल.
खालचं इराने वाचून दाखवलं. सॅन्डी हा म्हणे गावातला जुना स्कॉटिश बेकर. रेसिपी त्याच्या घराण्यातली. असं मालक सांगतात.

"परत वाच."
तिने परत वाचलं.
तव्यावरचा डोसा जळाला. जळू दिला.

काकांना फोन लावला.
"अरे, गिऱ्हाईकाला स्टोरी लागते. मनाला नको लावून घेऊ. संदीप मला मुलासारखा होता."
"काका, तुमच्या मुलाचं नाव काय?"
"अथर्व. का रे?"
"त्याला तिथले लोक काय म्हणतात?"
"अथर्वच म्हणतात."

फोन मी ठेवला.

त्या कॅफेची काच मनात किती वेळा फोडली सांगू? मला जाता येत नाही म्हणून ती शाबूत आहे.

मग म्हटलं, लिस्ट ना? लिस्ट मला पण करता येते. नववी नापास माणसाची आहे, चालवून घ्या.
खरं तर संद्याचीच आहे. सुट्टीच्या दिवशी तो दुसऱ्यांच्या कॅफेत जाऊन बसायचा आणि मला व्हॉइस मेसेज टाकायचा.

बंदराजवळचा कॅफे. बुटात वाळू घेऊन गेलात तरी कुणी ओरडत नाही. सूप घ्या.

पुस्तकांच्या दुकानामागे गल्लीत एक आहे. एक म्हातारे प्रोफेसर एका चहावर अख्खी दुपार काढतात. त्यांची खुर्ची सोडून कुठेही बसा.

गोल्फवाल्यांचा टाळा. संद्याचे शब्द, "कॉफी झकास, पण आधी बूट बघतात आणि मग हसायचं का ते ठरवतात."

आणि किल्ल्याच्या वाटेवर एका आजींचा. केक कोरडा. तरी संद्याचा नंबर एक.
आजींनी नाव विचारलं. त्याने सांगितलं. त्या म्हणाल्या, "से इट अगेन, डिअर." परत सांगितलं. परत "से इट अगेन."
पुढच्या खेपेला दारातूनच ओरडल्या, "मॉर्निंग, सनदीप!"
तो मेसेज अजून माझ्याकडे आहे. संद्या नुसता हसतोय त्यात.

त्या स्कॉटिश आजींना जमलं.
आणि आमच्या बार्शीपासून तासाभरावरच्या माणसाला जमलं नाही.

तर मित्रांनो, काकू-मावशींनो, तुमच्यातले कुणी ना कुणी तिकडे जातच असतात. पोरांना सोडायला, गोल्फ खेळायला, फिरायला.
सगळ्या कॅफेत जा. काकांच्या पण. नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात कशाला.
कपावर लिहायला तुमचं नाव विचारतील.
संदीप सांगा.
बाई असाल तरी संदीपच सांगा.

सुरुवात झालेली आहे. इरा आता तिकडेच शिकते. तिला मी म्हटलं होतं, आजच्याच दिवशी काकांकडे जा. सकाळी उठलो तर तिचा फोन.

"दादा, त्यांनी सॅन्डी लिहिलं!"
"मग?"
"मग काय, कप परत दिला. दुसऱ्यावर पण सॅन्डी! तो पण परत दिला. मागे लाईन, सगळे बघतायत. मग ते काका आतून आले. व्हॉट इज द प्रॉब्लेम वगैरे."
"तू काय म्हणालीस?"
"मी मराठीत बोलले. म्हटलं, काका, संदीप लिहा ना. तुम्हाला तर येतं."

पोरगी इथे जन्मलेली. आईने मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर देते.

काकांनी कप स्वतःकडे घेतला म्हणे. मग मार्कर घेतला.

फोटो खाली टाकलाय. कप बघा. देवनागरीत आहे. वेलांटी बरोबर, अनुस्वार बरोबर.
अक्षर काकांचं आहे.

काका, मला सॉरी नको. मार्कर जवळ ठेवा. अजून बरेच संदीप यायचेत.

संद्या, जा आता निवांत.
श्रद्धांजली वाहणाऱ्यांनी खाली फक्त त्याचं नाव लिहा. पूर्ण लिहा.