खेळातला भंडारा

मंडळी, आज मी सुनेवर उगाच संशय घेतला.

आम्ही दोघी कॉम्प्युटरवर खंडोबाच्या जत्रेचा गेम करतोय. भंडारा उधळायला मी पुस्तक वाचून प्लगिनचं, म्हणजे गेमला जोडायच्या तयार प्रोग्रामचं, फंक्शन जोडलं. पालखी हलली, भंडारा उडाला आणि कॉम्प्युटर बंद पडला. काल ती एकटीच त्यावर बसली होती.

"माझ्या फाइलला हात लावलास?"

"न्हाई, आत्याबाई. कण किती सेकंद दिसावा, तिथं तुमीच शून्य लिवलंय. ह्या प्लगिनात शून्य म्हंजी तो कधी जातच न्हाई. साचून मशीन अडकलं."

खरंच, मीच मुद्दाम लिहिलं होतं. भंडारा झटकू नये म्हणतात. हे जाऊन चार वर्षं झाली, त्यांच्या टोपीवरचाही मी झटकलेला नाही.

तिने आकडा बदलला नाही. मला विचारलं, "किती ठेवू?"

अजून सांगितलेलं नाही. तुम्ही किती सांगाल?