वैशाखात सुटलेली सावड

माझ्याकडे एकच बैल होता आणि त्याच्याकडेही एकच. एका बैलावर औत चालत नाही, म्हणून आमच्या हसनाबादेकडच्या गावांत असे दोघं सावड करत. तुझा बैल, माझा बैल, एका जुवाला. आज तुझं रान, उद्या माझं. माझा बैल डाव्या अंगाला चाले, त्याचा उजव्या. आधी बैलांचं जमलं, मग आमचं. माझा त्याच्यावर जीव होता. एवढं साधं वाक्य लिहायला म्हातारपण यावं लागलं, याचा मला रागच येतो.

गावाला आमच्याविषयी काय कळलं होतं ते गावच जाणे. बाया थट्टा करत, "ह्यांना बायकू कशाला, बैलं हायत की!" आम्हीही हसायचो. थट्टेपायी कुणाचं घर मोडत नाही.

पण त्याच्या चुलत भावाचा डोळा त्याच्या रानावर होता. एका वैशाखात भल्या पहाटे तो अमीनाला, म्हणजे निजामाच्या फौजदाराला, घेऊन आमच्या शेतातल्या खोपीवर आला. आम्ही दोघं एका घोंगडीवर निजलेलो. दोन पुरुषांनी असं राहणं हा त्या राज्यात गुन्हा आहे, हे मला अमीनाच्या तोंडून कळलं. तोवर मला फक्त पाप माहीत होतं.

जालन्याच्या कचेरीत सगळा कारभार उर्दूत. मुन्सफ हैदराबादेकडचा, त्याला शेतीतलं काय ठाऊक! आमच्या वकिलानं सांगितलं, हे सावडीचे गडी आहेत, कामापायी एकत्र राहतात. सावडीची साक्ष द्यायला माझा मामा उभा राहिला. गळ्यात माळ, खोटं म्हणून कधी बोलला नाही. आमच्यासाठी बिचारा गावाहून चालत आला होता. कारकुनानं मुन्सफाचा सवाल मराठीत विचारला, "सावड कुठवर असते?"

मामा छाती काढून म्हणाला, "नांगरट उरकली की सुटती, मायबाप. मंग ज्याचा बैल त्याच्या दावणीला. पेरणीला पुन्हा जुपायची."

"आणि वैशाखात?"

"वैशाखात कशाची सावड? रान नांगरून तापाया टाकलेलं असतं. बैलबी मोकळे, गडीबी मोकळे."

करायला गेला गणपती अन् झाला मारुती. मुन्सफानं विचारलं, मग हे दोघं खोपीत काय करत होते?  मामानं माझ्याकडे पाहिलं आणि तेव्हा कुठं त्याला सगळं उमगलं असावं. मला त्याचा राग आला नाही, कीव आली.

तेवढ्यात माझ्या शेजारी उभा असलेला तो बोलला, "जबरदस्ती म्या केली, साहेब. ह्याचा कसूर बिलकुल न्हाई."

"खोटं बोलून राह्यला!" मी ओरडलो. शिपायानं मला मागं ओढलं. मला सोडलं आणि त्याला औरंगाबादच्या तुरुंगात सक्तमजुरीला धाडलं. जाताना तो एवढंच म्हणाला, "बैलाला पाणी दाखव."

त्याचं रान आणि बैल दोन्ही चुलत भावानं घेतलं. माझ्याशी सावड करायला गावात कुणी तयार होईना. मी तुरुंगाच्या दाराशी गेलो. पहारेकऱ्यानं विचारलं, "तू उसका कौन?" म्हणालो, "सावडकरी." तो हसला. "ऐसा कोई रिश्ता नहीं होता." पुन्हा गेलो, पुन्हा तेच.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. लढ्यातले लोक तुरुंगातून सुटून येऊ लागले. जालन्याच्या स्टेशनावर हारतुरे, जयजयकार. मला वाटलं, राज्य गेलं म्हणजे त्याचा कायदाही गेला. वकील म्हणाला, "कुठंही जा, पळसाला पानं तीनच. इंग्रजाकडंही हाच कायदा होता, अन् आताही हाच चालणार." तरी मी स्टेशनावर गेलो आणि गाडीच्या एकेका दाराकडे पाहत राहिलो.

उतरलेल्यांतला शेजारच्या गावचा एकजण मला ओळखून जवळ आला. गळ्यातला हार त्यानं आधी काढून हातात घेतला.

"तो गेल्या उन्हाळ्यातच गेला," तो म्हणाला. "तापानं. आम्ही एका बराकीत होतो. जेलरनं त्याला विचारलं, बाहेर कुणाला कळवायचं? भाऊबंद न्हाई म्हणाला. सावडकरी हाय म्हणाला. तुझं नाव, गाव, सगळं बराबर सांगितलं."

"मंग मला कळवलं का न्हाई?"

"असलं नातं ते धरीत न्हाईत," तो म्हणाला.