सोललेली कोळंबी

बाजारात तिला सगळे नाकवाली म्हणत, आणि तिला ते आवडायचं. गिऱ्हाईक माशाचे डोळे बघायचं, कल्ले उघडून बघायचं. ती नुसती टोपलीवर वाकायची आणि सांगायची, हा आजचा, हा कालचा, आणि हा तुमच्या सासूबाई येणार असतील तर न्या. चेष्टा सोडली तर तिचा अंदाज कधी चुकला नव्हता.

शेजारच्या ओट्यावर तिची थोरली जाऊ बसायची. पूर्वी ओटा एकच होता. सासरे गेल्यावर मधोमध भिंत आली, आणि भिंतीबरोबर अबोला. थोरलीने मग फ्रीझर घेतला आणि गोठवलेल्या मासळीची खोकी विकायला लागली. खोक्यावर तारीख छापलेली, म्हणजे विकणारीला डोकं लावायचं कामच नाही. धाकटी गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "तिथे मासा नाही मिळत, माशाचा फोटो मिळतो." लोक हसायचे. थोरली पलीकडे ऐकून गप्प बसायची, आणि ते धाकटीला जास्त झोंबायचं.

मग तिला ताप आला. साधाच वाटला, उतरलाही. ओट्यावर परतली त्या सकाळी ती टोपलीवर वाकली आणि तिला काहीच आलं नाही. ताजं नाही, शिळं नाही, काहीच नाही. घरी जाऊन तिने फिनेलची बाटली हुंगली, लसूण ठेचून नाकाशी धरला. सगळं पाण्यासारखं. डॉक्टर म्हणाले, वास येईल परत, कदाचित येणारही नाही. तिने हे कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. नवरा हृदयाच्या दुखण्याने घरी बसून होता. त्याला आणखी घोर कशाला, अशी तिने स्वतःची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. नाक गेल्यावर तिच्याकडे थोरलीपेक्षा जास्त काय उरत होतं?

डोळे आणि कल्ले बघून तिने काही महिने रेटलं. खोकीवाला येऊन सांगायचा, "ताई, थोडी खोकी ठेवून तर बघा. डोक्याला ताप नाही." एकदा तिने हात पुढे केलाही. तेवढ्यात भिंतीपलीकडे थोरली खाकरली आणि तिने खोकीवाल्याला वाटेला लावलं. ज्या खोक्यांना इतकी वर्षं नावं ठेवली, ती आता कुठल्या तोंडाने मांडणार?

त्या दिवशी तिने धक्क्यावरून सोललेली कोळंबी उचलली. सोललेल्या कोळंबीला ना डोळे ना कल्ले. तिथे नाकाशिवाय गत्यंतर नाही. हे तिला घेताना कळत होतं, पण विकणाऱ्यासमोर कचरणं तिला जमलं नाही. नेहमीसारखी वाकली, हुंगल्यासारखं केलं आणि मान डोलावली.

ओट्यावर टोपली टेकवली तोच थोरली भिंतीला वळसा घालून आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "ती टोपली टाकून दे. खराब झालीय."

"का, तुमची खोकी खपत नाहीत वाटतं?"

"अगं, मला पलीकडे वास येतोय. तुला येत नाही?"

धाकटीने टोपलीवर फडकं ओढलं. हिला कळलं. आणि लगेच वाटलं, नाही, ही खोटं बोलतेय, मला चाचपून बघतेय. टोपली टाकली की उद्या बाजारभर होईल. "मला सगळं कळतं," ती म्हणाली. थोरली परत भिंतीपलीकडे गेली.

गिऱ्हाइकाला द्यायचा मात्र तिला धीर झाला नाही. कुणाच्या घरात लहान पोरं असतील. दुपारी ती टोपली घरी घेऊन गेली, झणझणीत मसाला घालून कोळंबी केली आणि नवऱ्याला वाढली. थोरली खोटारडी आहे की नाही, हे तिला आजच्या आज बघायचं होतं.

"तू नाही बसत?" त्याने विचारलं.

"मला भूक नाही."

पहिल्या घासाला तो जरा थांबला. मग सगळं संपवलं. ती समोर बसून होती.

दिवस मावळायच्या आत त्याला इस्पितळात न्यावं लागलं. उलट्या थांबेनात, आणि हृदय आधीच थकलेलं. डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं आणि जवळच्या माणसांना बोलवून घ्यायला सांगितलं. थोरली धुतलेल्या चादरी घेऊन आली. टोपलीचं तिने नावही काढलं नाही.

सकाळी त्याने डोळे उघडले. "वास येत होता गं जरासा," तो म्हणाला. "म्हटलं, तू आणलंयस, म्हणजे माझंच नाक बिघडलं असणार."

तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. तिने रडत रडत सगळं सांगितलं, तो ताप, ते डॉक्टर, इतके दिवस केलेलं सोंग. त्याने तिचा हात हातात घेतला. "एवढंच ना? मला सांगायचंस. रोज ओट्यावर जायच्या आधी टोपली घरी आणली असतीस तर मी हुंगून दिली असती."

ती रडता रडता हसली. तो छताकडे बघत पडून राहिला. मग सावकाश म्हणाला, "काल तू का जेवली नाहीस?"

भूक नव्हती, असं म्हणता आलं असतं, आणि त्याने ते मानलंही असतं. पण दारात थोरली चहा घेऊन उभी होती आणि ऐकत होती. धाकटीने मान खाली घातली.

त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग आपला हात सोडवून घेतला आणि चादरीखाली ठेवला. दुपारी तो गेला, तोवर त्याने तो हात बाहेर काढला नाही.